आधुनिक ड्रुइड साधना: पुराणकथा, काव्य आणि विधी यांचा अभ्यास

आधुनिक ड्रुइड साधनेत जुन्या कथा वाचणे, कविता रचणे आणि विधी करणे ही तीन कामे एकमेकांत गुंतलेली असतात. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्समधील ब्रिटनी आणि उत्तर अमेरिका येथे रुजलेल्या या निसर्गपूजक मार्गाला सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, प्रेषित नाही आणि श्रद्धेची ठरलेली कलमेही नाहीत. बहुतेक संघांत साधकाला पुढची पायरी मिळते ती काही काळ अभ्यास केल्यावर, आणि ती मिळाली तरी अभ्यास सुटत नाही. अभ्यासाला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर इतिहासात आहे. हा पंथ ज्यांचे नाव लावतो त्या प्राचीन ड्रुइडांनी आपल्या विद्येची एक ओळही मागे ठेवली नाही.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ज्यूलियस सीझरने गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, मोहिमा केल्या. त्याच्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात ड्रुइडांविषयी जे लिहिले आहे ते प्राचीन साधनांमधले सर्वांत महत्त्वाचे वर्णन. ड्रुइड बळी व आहुतींचे विधी पार पाडीत, तंट्यांचा निवाडा करीत, तरुणांना शिकवीत. त्यांची विद्या मूळची ब्रिटनमधली, असे गॉलमध्ये मानत. काही शिष्य वीस-वीस वर्षे पद्ये मुखोद्गत करीत राहत. व्यवहाराच्या नोंदी ग्रीक लिपीत ठेवणारे हे लोक विद्या मात्र लिहू देत नसत. ती सर्वांच्या हाती पडू नये आणि लिखाणावर विसंबून शिष्यांची स्मरणशक्ती मंदावू नये, अशी याची कारणे सीझरने तर्काने दिली आहेत. वेदपाठशाळेतला घनपाठी विद्यार्थी ज्याने पाहिला आहे त्या मराठी वाचकाला या वीस वर्षांचे नवल वाटणार नाही. वेदांची मौखिक साखळी मात्र तुटली नाही, ड्रुइडांची तुटली.

सीझरखेरीज स्ट्रेबोने बार्ड, वाटेस आणि ड्रुइड अशा तीन वर्गांचा उल्लेख केला आहे. बार्ड म्हणजे कवी-गायक, वाटेस म्हणजे भविष्य सांगणारे आणि निसर्ग जाणणारे, ड्रुइड म्हणजे तत्त्वज्ञ. प्लिनीने ओक वृक्षावरचे मिसलटो नावाचे बांडगूळ चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या विळ्याने कापण्याचा विधी वर्णिला आहे. पांढरा झगा घातलेला ड्रुइड झाडावर चढतो आणि दोन पांढरे बैल बळी दिले जातात. टॅसिटसने इ. स. ६० च्या सुमारास वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर रोमन सैन्याने केलेला हल्ला आणि तिथल्या पवित्र वनराईंची तोड नोंदवली आहे. नरबळीचा आरोप यांपैकी अनेकांनी केला आहे. हे सारे लेखक ग्रीक किंवा रोमन. कोणी जिंकायला आलेला, तर कोणी ऐकीव माहितीवर लिहिणारा. रोमन सत्तेने पहिल्या शतकात ड्रुइडांवर बंदी घातली आणि पुढच्या काही शतकांत ख्रिस्ती धर्म आला. आयर्लंडमध्ये रोमन पोचले नाहीत, त्यामुळे तिथे ड्रुइड हे नाव आणखी काही शतके टिकले. पण तेही सामर्थ्य गमावलेल्या जादूगाराचे नाव म्हणून.

आजच्या साधकाची अडचण यावरून लक्षात येते. त्याला गुरुपरंपरा नाही, मूळ मंत्र नाहीत, मूळ विधींचा क्रम नाही. हाती आहेत ती परक्यांची वर्णने आणि हजारएक वर्षांनंतर ख्रिस्ती मठांतून उतरवलेली हस्तलिखिते. अशा सामग्रीवर उभ्या राहिलेल्या साधनेला खरी म्हणावे काय, हा या पंथापुढचा तात्त्विक प्रश्न आहे, आणि पंथातल्या गंभीर माणसांनी तो टाळलेला नाही.

हस्तलिखितांपासून सुरुवात करणे योग्य ठरते. आयर्लंडमध्ये ‘लेबोर न हुइद्रे’ हे इ. स. ११०० च्या आसपासचे आणि ‘बुक ऑफ लीन्स्टर’ हे बाराव्या शतकातले हस्तलिखित पुराणकथांचा मोठा साठा राखून आहे. वेल्समध्ये चौदाव्या शतकातला ‘व्हाइट बुक ऑफ ऱ्हिडर्क’, त्यानंतरचा ‘रेड बुक ऑफ हर्गेस्ट’ आणि ‘बुक ऑफ तालिएसिन’ हे प्रमुख ग्रंथ. पहिल्या दोहोंत ‘मॅबिनोगी’च्या चार शाखा आहेत. या कथांत देव आहेत की नाहीत, हेच पहिल्यांदा ठरवावे लागते. ऱ्हिआनन घोड्यावरून येते आणि कितीही वेगाने पाठलाग केला तरी हाती लागत नाही, ब्रान एवढा प्रचंड आहे की तो समुद्र पायी ओलांडतो. पण कथा सांगणारा त्यांना कुठेही देव म्हणत नाही. आयर्लंडच्या ‘लेबोर गबाला’त बेटावर एकामागून एक आलेल्या लोकांचा इतिहास आहे. त्याची मांडणी बायबलच्या जलप्रलयाशी आणि वंशावळींशी जुळवून घेतलेली आहे.

या ग्रंथांकडे कसे पाहावे याचा धडा त्यांच्याच एका पानावर सापडतो. ‘बुक ऑफ लीन्स्टर’मध्ये ‘तान बो कूलन्ये’ ही गुरे पळवण्याची महाकथा संपते तिथे लेखनिकाने दोन टिपा जोडल्या आहेत. आयरिश भाषेतली टीप ही कथा जशीच्या तशी पाठ करणाऱ्यांना आशीर्वाद देते. तिच्यालगतची लॅटिन टीप सांगते की लिहिणाऱ्याचा या कथेतल्या बऱ्याच गोष्टींवर विश्वास नाही. काही सैतानी भूल आहे, काही कवींची कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहे. एकाच कथेला एका भाषेत आशीर्वाद आणि दुसरीत नकार. मठातल्या माणसाने आपल्या पूर्वजांची कथा प्रेमाने उतरवली आणि धर्माची भीतीही बाळगली. ड्रुइड साधनेतल्या कथाभ्यासाला या दोन टिपांइतके चांगले प्रवेशद्वार नाही: कथा जपण्याचे मोल पहिली सांगते, आणि दुसरी आठवण देते की कथा आपल्यापर्यंत आणणारा माणूस तिचा उपासक नव्हता.

बार्डच्या पायरीवर शिकणाऱ्यांसाठी तालिएसिनची कथा फार महत्त्वाची मानली जाते. ती पूर्ण रूपात सोळाव्या शतकात एलिस ग्रिफिद या वेल्श इतिहासकाराने नोंदवली, आणि एकोणिसाव्या शतकात लेडी शार्लट गेस्ट यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे सर्वदूर पोचली. केरिडवेन या मांत्रिक स्त्रीचा मुलगा कमालीचा कुरूप. त्याला निदान ज्ञानामुळे तरी मान मिळावा म्हणून ती एका कढईत वर्ष आणि एक दिवस वनस्पती उकळत ठेवते. कढई ढवळायला ग्वियोन बाख नावाचा पोरगा आहे. शेवटच्या क्षणी तीन थेंब उडतात आणि ज्ञान त्या पोराला मिळते. उरलेला रस विष होतो. केरिडवेन त्याच्या मागे लागते. तो ससा होतो, ती शिकारी कुत्री. तो मासा, ती पाणमांजर. तो पक्षी, ती ससाणा. अखेर तो गव्हाचा दाणा होतो आणि ती कोंबडी होऊन त्याला गिळते. नऊ महिन्यांनी तो तिच्याच पोटी जन्माला येतो. मारवत नाही म्हणून ती त्याला कातडी पिशवीत घालून पाण्यात सोडते, आणि मासे धरायच्या बांधावर एल्फिन नावाच्या अभागी राजपुत्राला तो सापडतो. लखलखत्या कपाळाचा हा मुलगा म्हणजे तालिएसिन, कवींचा कवी.

आधुनिक अभ्यासक्रमांत ही कथा एकदा वाचून बाजूला ठेवत नाहीत. साधक तिच्याबरोबर महिनोन्‌महिने राहतो. कढई ढवळणारे वर्ष म्हणजे ज्याचे फळ कोणाला मिळणार हे ठाऊक नसतानाही केलेले काम. पाठलागातली चार रूपे जमीन, पाणी, हवा आणि धान्य यांच्याशी जोडून पाहिली जातात. ऋतूंशीही त्यांचा संबंध लावला जातो. साधक ससा किंवा मासा यांच्या नजरेतून ध्यान करतो, मग त्यावर कविता लिहितो. हा अर्थ मध्ययुगीन लेखकाच्या मनात होता असे म्हणायला आधार नाही. केरिडवेनला देवी मानणे हीसुद्धा अलीकडची गोष्ट आहे. जुन्या मजकुरात ती जादू जाणणारी बाई आहे, एवढेच. पण लेखकाच्या मनात काय होते हा इतिहासाचा प्रश्न झाला आणि कथा वाचकात काय घडवते हा साधनेचा. दोन्ही वेगवेगळे ठेवले तर दोन्हींना न्याय मिळतो. घोटाळा होतो तो दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या नावावर खपवले की.

असा घोटाळा या पंथाच्या उगमापाशीच झाला. सतराव्या शतकात जॉन ऑब्रे यांनी स्टोनहेंजसारखी शिलावर्तुळे ड्रुइडांची मंदिरे असावीत असा तर्क केला. १७४० मध्ये विल्यम स्ट्यूकली यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. स्टोनहेंजचे मुख्य बांधकाम इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातले आहे आणि ड्रुइडांचा पहिला उल्लेख त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी येतो. पण ही कालगणना तेव्हा कोणाच्या हाती नव्हती. त्यांची चूक प्रामाणिक होती. योलो मोर्गानुग यांची नव्हती.

योलो मोर्गानुग हे एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६) यांचे काव्यनाम. दक्षिण वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनचा हा पाथरवट जुन्या वेल्श काव्याचा अस्सल जाणकार होता, हस्तलिखितांसाठी पायपीट करणारा संग्राहक होता, गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. काउब्रिजमधल्या आपल्या दुकानात तो गुलामांच्या श्रमाविना पिकलेली साखर विकत असे. दमा असल्याने तो वर्षानुवर्षे अफूचा अर्क घेत होता. आणि तो अतिशय कुशल बनावटकार होता. स्वतः लिहिलेल्या कविता त्याने चौदाव्या शतकातल्या दाविद आप ग्विलिम या महाकवीच्या नावावर घातल्या. त्या १७८९ च्या छापील आवृत्तीत गेल्या आणि शतकाहून अधिक काळ खऱ्या मानल्या गेल्या. ग्लॅमॉर्गनच्या बार्डांनी ड्रुइडांची विद्या अखंड जपली आहे, असा त्याचा दावा होता. २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने ‘गोरसेद’ म्हणजे बार्डांची सभा भरवली. १८१९ मध्ये कार्मार्थनच्या एका खाणावळीच्या बागेत त्याने खिशातले खडे काढून वर्तुळ मांडले असे सांगतात. तिथून गोरसेद ही ऐस्तेद्वोद या वेल्श काव्य-संगीत महोत्सवाशी कायमची जोडली गेली. विसाव्या शतकात ग्रिफिद जॉन विल्यम्स या विद्वानाने योलोच्या कागदपत्रांचा अनेक वर्षे अभ्यास करून बनावट उघड केली.

त्याच काळात असाच एक प्रकार भारतातही घडत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला फ्रान्सिस विल्फर्ड काशीत राहून पुराणांत ब्रिटिश बेटांचा शोध घेत होता. पुराणांतले श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटन, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्या पदरच्या पंडिताने त्याला हवी तशी वचने पोथ्यांत घालून दिली. फसवणूक लक्षात आल्यावर विल्फर्डने १८०५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ती जाहीर केली. तरीही ब्राह्मण आणि ड्रुइड हे एकाच मुळाचे, ही कल्पना टिकून राहिली. १८२० च्या दशकात गॉडफ्री हिगिन्स यांनी तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मराठीत आजही अधूनमधून डोके वर काढणाऱ्या ‘ड्रुइड म्हणजे द्रविड’ किंवा ‘ड्रुइड म्हणजे ब्राह्मण’ या विधानांची जातकुळी हीच. दोन दूरच्या शब्दांत किंवा चालीरीतींत साम्य दिसले म्हणजे वंश सिद्ध होत नाही. मराठी वाचकाने ही विधाने अभिमानाने पुढे पाठवण्याआधी विल्फर्डची कबुली आठवावी.

योलोचे काय करायचे, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. त्याचा वारसा आधुनिक साधनेतून वगळला तर हाती फार थोडे उरते. तीन किरणांचे चिन्ह त्याचे. विधीत म्हटली जाणारी प्रार्थना त्याची. ती संरक्षणापासून सुरू होऊन बळ, समज, ज्ञान, न्याय आणि प्रेम अशा पायऱ्यांनी चढत जाते. अयनदिन आणि विषुवदिनांना अनेक संघ जी ‘आल्बान’ने सुरू होणारी वेल्श नावे देतात तीही त्याची. वेल्सच्या राष्ट्रीय ऐस्तेद्वोदमध्ये मोठी तलवार म्यानातून अर्धवट ओढून जमलेल्या लोकांना तीनदा शांतता आहे का असे विचारतात आणि लोक तीनदा होकार देतात. हा विधीही त्याच परंपरेचा भाग. प्रार्थना बनावट आहे काय? प्राचीन म्हणून सांगितली तर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका वेल्श कवीने लिहिलेली म्हणून म्हटली तर ती अस्सल आहे आणि सुंदरही आहे. आजच्या बऱ्याच संघांनी हा दुसरा मार्ग धरला, आणि त्यांचा तो निर्णय बरोबर आहे. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात ड्रुइडांच्या प्रतिमेचा हा सारा प्रवास उलगडला. प्राचीनत्वाचे दावे त्यांनी एकेक करून बाजूला केले, तरी आधुनिक ड्रुइडांमध्ये ते आदराने वाचले जातात. कोणत्याही धर्ममार्गासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आजचे संघ विसाव्या शतकात घडले. कवी आणि शिक्षक असलेल्या रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ हा संघ स्थापन केला. त्यांच्या मृत्यूनंतर तो थंडावला होता. फिलिप कार-गॉम यांनी १९८८ मध्ये त्याला टपालाने शिकवण्याच्या अभ्यासक्रमाच्या रूपात पुन्हा उभे केले. स्ट्रेबोचे तीन वर्ग इथे तीन पायऱ्या झाले: बार्डने कथा-काव्य, ओव्हेटने, म्हणजे वाटेसने, वृक्ष, औषधी, पूर्वज आणि काळ, ड्रुइडने विधी आणि तत्त्व शिकावे. अमेरिकेत सुरुवात वेगळी झाली. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजेरी सक्तीची होती. १९६३ मध्ये काहींनी निषेध म्हणून ड्रुइड पंथ काढला. पुढच्या वर्षी सक्ती गेली, तरी काहींना त्या माळरानावरच्या विधींत खरेच काही गवसले होते. त्यांनी ते सोडले नाहीत. त्यांच्याच शाखांतून आलेल्या आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ मध्ये ‘आर न्द्रीअक्त फेन’ ही संघटना काढली आणि पुरोहितांचे शिक्षण पांडित्याच्या कसोटीला उतरले पाहिजे असा आग्रह धरला. तिथे पहिल्या पायरीवरच्या साधकालाही पुस्तके वाचून त्यांवर लिहावे लागते आणि वर्षातल्या आठही सणांविषयी टिपणे द्यावी लागतात. ही संघटना आयरिश, वेल्श अशा केल्टिक जगापुरती न राहता सर्व इंडो-युरोपीय परंपरांकडे पाहते. अग्नी, विहीर आणि वृक्ष ही तिच्या विधीची तीन केंद्रे, आणि वैदिक देवतांना आहुती देणारे साधकही तिच्यात आहेत. भारताशी असलेला खरा दुवा इथे सापडतो: वंशाच्या दाव्यात नाही, भाषाशास्त्राने सिद्ध केलेल्या नात्याच्या अभ्यासात.

काव्य या साधनेत शोभेसाठी येत नाही, ते ज्ञानाचे साधन आहे. त्याला इतिहासाचा भक्कम आधारही आहे, कदाचित विधीपेक्षा अधिक. मध्ययुगीन आयर्लंडमधले ‘फिलि’ हे व्यावसायिक कवी श्रेणीबद्ध शिक्षण घेत. बारा वर्षांच्या शिक्षणाचे उल्लेख आहेत आणि सर्वोच्च पदाच्या कवीला ३५० कथा यायला हव्यात अशी अपेक्षा होती. या शाळांच्या अखेरच्या काळाचे एक वर्णन १७२२ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. बिनखिडक्यांचे बुटके घर, आत प्रत्येकाची वेगळी खाट. आदल्या रात्री विषय दिला जाई. दुसरा दिवसभर शिष्य अंधारात आपापल्या खाटेवर पडून मनातल्या मनात छंदोबद्ध रचना करीत. रात्री ठरल्या वेळी दिवे आणले जात, मगच लिहायचे. नंतर सारे कपडे करून मोठ्या दालनात गुरूंसमोर जमत आणि रचना तपासली जाई. मार्टिन मार्टिन या स्कॉटिश लेखकाने १७०३ च्या पुस्तकात आपल्याकडचे कवी दारे-खिडक्या बंद करून, पोटावर दगड ठेवून आणि डोळ्यांवर घोंगडे ओढून पडत असे लिहिले आहे.

आजच्या बार्डने हीच रीत थोड्या सौम्य रूपात उचलली आहे: अंधार, मौन, एकच विषय, आणि पूर्ण झाल्याशिवाय लेखणीला हात नाही. जे मिळते त्याला वेल्श भाषेत ‘आवेन’ म्हणतात, म्हणजे कवीत संचारणारी स्फूर्ती. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्सने अशा ‘आवेनिथ’ लोकांविषयी लिहिले आहे. प्रश्न विचारला की ते भान हरपून बोलू लागतात, आणि त्यांच्या अस्ताव्यस्त बोलण्यात नीट ऐकणाऱ्याला उत्तर सापडते. महाराष्ट्रातल्या अंगात येण्याशी याचे साम्य जाणवते. पण आधुनिक ड्रुइड साधनेत भान हरपणे अपेक्षित नसते. तिथे आवेन हा शब्द लांबवून तीन स्वरांत, वर्तुळातल्या सर्वांनी एकत्र म्हणायचा असतो, आणि त्यानंतरची शांतता हाच त्याचा मुख्य भाग.

त्रिके हा शिकण्याचा आणखी एक प्रकार. तीन गोष्टी एका सूत्रात बांधून लक्षात ठेवण्याची ही रीत वेल्श आणि आयरिश दोन्ही साहित्यांत आहे. तिसऱ्या शतकातल्या डायोजिनीस लाएर्शियस या ग्रीक लेखकाने ड्रुइडांची शिकवणही तीन कलमांत दिली आहे: देवांचा आदर, दुष्कृत्य टाळणे आणि शौर्य. वेल्श त्रिकांचा चिकित्सक संग्रह रेचल ब्रोमविच यांनी १९६१ मध्ये काढला, आणि खरी त्रिके कोणती, योलोची कोणती, हे तेव्हापासून तपासता येऊ लागले. ओगम लिपीच्या बाबतीत गोंधळ अजून पुरता निवळलेला नाही. कडेवर खाचा पाडून लिहिलेली ही लिपी असलेले सुमारे ४०० शिलालेख आयर्लंड आणि पश्चिम ब्रिटनमध्ये मिळाले आहेत, बहुतेक चौथ्या ते सहाव्या शतकातले, आणि त्यांत प्रामुख्याने माणसांची नावे आहेत. मध्ययुगीन टीकाकारांनी सगळ्या अक्षरांना झाडांची नावे जोडली, पण मुळात काही थोडीच अक्षरे झाडांवरून आली होती. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १९४८ मध्ये या झाडांतून तेरा महिन्यांचे पंचांग तयार केले. ते त्यांच्या कवी-कल्पनेचे आहे, केल्टिक नाही; तरी ‘प्राचीन वृक्षपंचांग’ म्हणून ते सर्रास विकले जाते. एका झाडाखाली वर्षभर जाऊन बसणे, त्याची पालवी, फूल, फळ, पानगळ टिपणे हा ओव्हेटच्या अभ्यासाचा उत्तम भाग आहे, आणि त्याला ग्रेव्हज यांच्या पंचांगाची काहीच गरज नाही.

विधी हे या कथा आणि कवितांना जागा देणारे अंगण. ब्रिटिश धाटणीचा विधी बहुधा उघड्यावर, दिवसाउजेडी होतो. लोक वर्तुळात उभे राहतात. प्रथम चारही दिशांना तोंड करून शांततेची हाक दिली जाते. शांतता नसेल तर पुढचे कार्य करू नये असा संकेत. मग दिशांचे आणि पंचमहाभूतांपैकी आकाश सोडून उरलेल्या चारांचे आवाहन, जमण्याचा हेतू सांगणे, आणि त्या सणाचा गाभा: एखादा कथाप्रसंग, बीज पेरणे, दिवे लावणे. भाकरी आणि मधाचे मद्य वाटले जाते. त्यानंतर ज्याने त्याने आपली कविता, गाणे किंवा गोष्ट सादर करायची. शेवटी ज्यांना बोलावले त्यांचे आभार मानून वर्तुळ मोकळे करतात. सादरीकरणाचा हा भाग वरवर करमणुकीचा वाटतो, पण बार्डचा सगळा अभ्यास तिथेच कसाला लागतो. अंधारात रचलेली कविता ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणावी लागते.

वर्षाच्या आठ सणांचे चक्रही जुन्या-नव्याचे मिश्रण आहे. साउइन, इम्बोल्क, बेल्टन आणि लूनासा हे चार ऋतुसण आयरिश ग्रंथांत आहेत. अयनदिन आणि विषुवदिन त्यांच्यात मिसळून आठांचे समान चक्र झाले ते १९५० च्या दशकात, रॉस निकल्स आणि विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाचे जेरल्ड गार्डनर या दोन मित्रांच्या वर्तुळांत. ऑस्ट्रेलियातले साधक हे चक्र सहा महिन्यांनी फिरवतात, कारण तिथे मे महिन्यात शरद ऋतू असतो. ग्रंथापेक्षा डोळ्यांसमोरचा ऋतू मोठा, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

१ फेब्रुवारीच्या इम्बोल्कचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. हा ब्रिगिडचा सण. मध्ययुगीन आयरिश कोशात ब्रिगिड ही कवींची देवी आहे, आणि किल्डेअरची संत ब्रिगिड ही आयर्लंडची लाडकी ख्रिस्ती संत. जेराल्ड ऑफ वेल्सने किल्डेअरला एकोणीस जोगिणी आळीपाळीने राखत असलेल्या अखंड अग्नीचे वर्णन केले आहे. विसाव्या रात्री तो राखायचे काम खुद्द ब्रिगिडचे. पुढे विझलेला हा अग्नी १९९३ मध्ये किल्डेअरमध्ये पुन्हा चेतवला, तो ब्रिगिडाइन ख्रिस्ती जोगिणींनी. लव्हाळ्याचे क्रूस विणण्याची चाल आयर्लंडच्या घराघरांत होतीच, आणि २०२३ पासून हा सण तिथे सार्वजनिक सुटीचा झाला आहे. देवी आधी की संत आधी, यावर विद्वानांचे एकमत नाही. ड्रुइड साधक त्या रात्री दिवा लावतो, कविता म्हणतो आणि लव्हाळे विणतो, तेव्हा तो एका शाबूत पुरातन धर्मात शिरत नसतो. एका जिवंत लोकाचारात सामील होत असतो. त्याचे मोल याने कमी होत नाही.

या साधनेवर सर्वांत रास्त आक्षेप वेल्श आणि आयरिश भाषक घेतात. त्यांच्या कथा जगभर ध्यानासाठी वापरल्या जातात, पण ज्या भाषांत त्या जगल्या त्या शिकण्याचे कष्ट फार थोडे घेतात. वेल्सच्या गोरसेदचे सदस्य झगे घालतात, पण ते उपासक नाहीत. वेल्श भाषा आणि संस्कृतीच्या सेवेबद्दल त्यांना हा सन्मान मिळतो. २००२ मध्ये, कँटरबरीचे आर्चबिशप होण्याच्या आधी, रोवन विल्यम्स यांना गोरसेदमध्ये घेतले तेव्हा ते ड्रुइड झाल्याची ओरड वृत्तपत्रांनी केली आणि या फरकाविषयीचे अज्ञान उघड झाले. ज्याच्या कवितेवर साधना उभी आहे त्या भाषेचे निदान उच्चार आणि छंद तरी शिकावेत, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही. मराठी संतकाव्य केवळ इंग्रजी भाषांतरात वाचून कोणी वारीचा अधिकार सांगू लागला तर तो खटकेल, तसेच हे.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र पंथ मोकळा आहे. कोणी अनेक देव मानतो, कोणी सृष्टीलाच दैवत मानतो, कोणी चर्चमध्येही जातो. कथा अक्षरशः खऱ्या मानाव्यात अशी अट कुठेच नाही. म्हणूनच हा धर्म आहे काय असा प्रश्न इंग्लंडमध्ये अधिकृतपणे उपस्थित झाला. ‘द ड्रुइड नेटवर्क’ने धर्मादाय नोंदणीसाठी अर्ज केला आणि इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने काही वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर २०१० मध्ये तो मान्य केला. आयोगाने प्राचीनत्वाचा पुरावा मागितला नाही. निसर्गातल्या दैवताविषयीची आस्था, उपासनेची रीत, विचारांतली सुसंगती आणि नीतीची चौकट पाहिली. हीच कसोटी योग्य आहे. परंपरेचे वय हा इतिहासाचा विषय आहे. साधना खरी की खोटी हे ती करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि शिस्तीवर ठरते.

या विषयात शिरू पाहणाऱ्याने ड्रुइडांविषयीची पुस्तके बाजूला ठेवून आधी ‘मॅबिनोगी’ आणि ‘तान’ यांची चांगली भाषांतरे टिपांसकट वाचावीत, एखादी गोष्ट पाठ करून चार माणसांसमोर सांगून पाहावी, आणि त्यानंतरच विधीकडे वळावे.